प्रभू लवकर येणार म्हणून एफडी मोडायची का? तयार राहणं म्हणजे नक्की काय

नगरकडची_सून

सगळ्यांना जय ख्रिस्त. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सॉरी.

माझे मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, आणि मागच्या वार्षिक सभेपासून आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार पण आहेत. माणूस अतिशय चांगला, व्यसन नाही, खोटं नाही. पण गेल्या वर्षी एका कन्व्हेन्शनला जाऊन आले आणि तेव्हापासून रात्री दोन दोन तास यूट्यूबवर शेवटच्या काळाचे, म्हणजे येशू परत येणार याचे, व्हिडिओ बघतात आणि आता प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "प्रभू दारात उभा आहे, हे सगळं कशाला?" टर्म इन्शुरन्सचा हप्ता भरला नाही. मुलगी बारावीला आहे, तिच्या क्लासची फी "बघू" म्हणतात. आणि आता सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडून त्या व्हिडिओवाल्या सेवकाईला, म्हणजे प्रचार करणाऱ्या संस्थेला, द्यायची म्हणतायत. मी काही बोलले की लूक 12 काढतात, तो मूर्ख धनवान, कोठारं मोडून मोठी बांधणारा, "याच रात्री तुझा जीव मागून घेतला जाईल". त्यावर मी काय बोलणार?

दुसरं म्हणजे मंडळीचा हिशेब. रविवारी अर्पणाची थैली सरळ आमच्या घरी येते, पलंगावर नोटा मोजतात, एका वहीत आकडा लिहितात, कधी लिहायचं राहतं. एक पैसा इकडचा तिकडे करणार नाहीत याची मी खात्री देते, पण परवा पंचकमिटीत कोणीतरी पावत्या मागितल्या तर घरी येऊन म्हणाले, देव बघतो ना, माणसांना कशाला दाखवायचं. चर्चच्या पत्र्याला गळती आहे, दुरुस्तीचा विषय निघाला तर तेच, प्रभू येतोय, पत्रा कशाला.

मला त्यांची श्रद्धा मोडायची नाहीये. मी पण विश्वासणारी आहे, तयार राहा हे प्रभूनंच सांगितलंय हे मला मान्य आहे. पण तयार राहणं म्हणजे घर वाऱ्यावर सोडणं असं मला वाटत नाही आणि वचनातून ते कसं मांडायचं ते कळत नाही. कोणी नीट सांगेल का? "पाळकांशी बोला" सांगू नका प्लीज, पाळक नवीन आहेत आणि यांच्यापेक्षा वयाने लहान.

निवृत्त_मास्तर

बाई, तुमच्या मिस्टरांनी अध्याय बरोबर काढलाय, फक्त मध्येच पुस्तक मिटलंय. लूक 12 त्यांना पूर्ण वाचायला सांगा. शक्यतो मोठ्याने, दोघांनी बसून.

धनवानाची गोष्ट 16 ते 21 व्या वचनात आहे. त्या माणसाचं बोलणं बघा, माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि शेवटी स्वतःच्याच जिवाशी गप्पा. त्या सगळ्या बोलण्यात दुसरं माणूस नाही. बायको नाही, आई नाही, गडी नाही, देव तर नाहीच. आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेले पैसे त्या कोठारात कसे काय बसतात ते त्यांनी मला समजावून सांगावं.

मग 35 पासून कंबर कसलेली, दिवे लागलेले, लग्नाहून परतणाऱ्या धन्याची वाट बघणारे चाकर. हे ते व्हिडिओवाले नेहमी सांगतात. पण 41 ला पेत्र मध्येच विचारतो, प्रभू हे आम्हालाच सांगतोस की सगळ्यांना? आणि येशू त्याला तारीखही देत नाही नि खूणही देत नाही. तो कारभाऱ्याची गोष्ट सांगतो. धन्यानं घरच्या चाकरमाणसांवर नेमलेला, त्यांना वेळच्या वेळी धान्य मोजून देणारा. धनी येईल तेव्हा जो हे करताना सापडेल तो धन्य. करताना सापडेल, बघा. गच्चीवर उभं राहून रस्त्याकडे डोळे लावलेला सापडेल असं नाही म्हटलं. शिधा वाटताना सापडला पाहिजे. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीत आहे, तयारी आणि कारभार हे येशूनं दोन वेगळे विषय ठेवलेच नाहीत. तुमच्या घरात तो शिधा म्हणजे पोरीची फी आणि आईचं ऑपरेशन.

आणि मत्तय 25 पण काढा. दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकतो पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते, झोपल्या दहाही होत्या. शहाण्या पाच पण झोपल्या. वराला उशीर झाला, सगळ्यांना डुलक्या लागल्या, आणि त्याबद्दल कोणालाच बोल लावलेला नाही. फरक फक्त तेलाचा. उशीर होऊ शकतो हे धरून ज्यांनी जास्तीचं तेल आणलं त्या आत गेल्या. म्हणजे मूर्ख कोण ठरल्या, तर ज्यांना वाटलं आत्ताच येणार, जास्तीचं कशाला! हे तुमच्या मिस्टरांना विचारून बघा, काय म्हणतात ते इथे कळवा. त्याच अध्यायात लगेच पुढे चाकरांकडे सोपवलेल्या रुपयांचा दृष्टांत, त्यातही धनी "बऱ्याच काळानंतर" येतो आणि आल्या आल्या करतो काय, तर हिशेब घेतो.

थेस्सलनीकाच्या मंडळीत हीच गडबड झालेली. दुसऱ्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात पौल सांगतो, प्रभूचा दिवस आलाच आहे असं कोणी म्हणालं तर घाबरून जाऊ नका, आणि 3 ऱ्या अध्यायात कामधंदा सोडून फिरणाऱ्यांना झापतो, काम करायचं नसेल त्यानं खाऊ पण नये. स्वतः रात्रंदिवस कष्ट करून जेवत होता तो.

अग्नी_आणि_आत्मा

प्रेज द लॉर्ड ताई. मास्तरांचा आदर आहे पण मला थोडं वेगळं बोलायचंय, सगळे मिळून त्या भावाला गप्प करायला निघालेत असं वाटतंय. आज मंडळ्यांमध्ये किती जणांना प्रभू येणार याची आठवण तरी आहे? प्लॉट, पोराचं पॅकेज, लग्नाचा हॉल, झालं. एखाद्याच्या मनात आग लागली की सगळे पाण्याच्या बादल्या घेऊन धावतात.

आणि मास्तर, लूक 12 पूर्ण वाचा म्हणता तर 33 वं वचन का सोडलंत? "जे तुमचे आहे ते विकून दानधर्म करा." स्पष्ट आहे. ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, वय पन्नाशीच्या पुढे. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुली आणल्या तेव्हा कोणती एफडी होती त्यांच्याकडे? विश्वासानेच चाललं ना मुक्ती मिशन? हिशेब करत बसल्या असत्या तर एक मुलगी वाचली नसती.

निवृत्त_मास्तर

33 वं सोडलं हे खरं, बरं झालं काढलंत. तिथे दानधर्म म्हटलंय, म्हणजे गरिबाला. ज्याच्या मागे कॅमेरा नि लाइट लावलेत त्या सेवकाईला असं माझ्या पुस्तकात तरी नाही.

आता रमाबाई. त्या विश्वासानं चालल्या यात वादच नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर नावाचा माणूस होता, 1805 ते 1898, त्यानं आयुष्यात दहा हजारांवर अनाथ मुलं सांभाळली आणि कोणाकडे पैसे मागितले नाहीत, फक्त प्रार्थना. त्याचं चरित्र वाचून रमाबाईंना वाटलं की हिंदुस्थानातही देवावर असं विसंबता येईल. पण तोच म्यूलर आलेल्या प्रत्येक देणगीची पावती द्यायचा, अगदी पेन्नीची सुद्धा, आणि दरवर्षी हिशेब छापायचा! आणि केडगाव कोणी बघितलंय का इथे? रमाबाईंनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, शेती लावली, मुलींना विणकाम, छपाई शिकवली. दुष्काळातल्या मुली घेऊन येणारी बाई पुढच्या दुष्काळाची सोय बघत होती. बोस्टनला 1887 पासून त्यांची असोसिएशन होती, तिकडे वर्षाचा अहवाल जायचा तो वेगळाच.

टिळकांचं म्हणाल तर त्यांच्या उदारपणाची किंमत घरात कोण भरत होतं हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय, हसत हसत लिहिलंय पण लिहिलंय. टिळक मोठेच होते. पण प्रश्न विचारणाऱ्या बाई लक्ष्मीबाईंच्या जागी आहेत, त्यांना टिळकांचा दाखला देऊन काय उपयोग.

आणि एक राहिलं. मार्क 7, वचन 9 ते 13. आईबापांच्या उपयोगी पडतील असे पैसे "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण केलेत असं सांगून मोकळे होणारे लोक. येशू त्यांच्यावर किती चिडलाय ते बघा. सासूबाईंच्या एफडीला याहून जवळचं वचन मला तरी माहीत नाही. जोडीला 1 तीमथ्य 5:8, जो आपल्या घरच्यांची सोय बघत नाही त्यानं विश्वास नाकारलाय.

कोपऱ्यातला_बाक

2011 ला अमेरिकेत हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवाल्यानं प्रभू येणार म्हणून 21 मे तारीख दिली होती, आठवतं का कोणाला? न्यूयॉर्कमधल्या एका रिटायर्ड माणसानं जन्माची बचत, 1 लाख 40 हजार डॉलर, त्या जाहिरातींवर घातली. 21 मे आला नि गेला. मग कॅम्पिंगनं 21 ऑक्टोबर सांगितलं. तोही गेला. त्याआधी 1844 मध्ये विल्यम मिलरच्या मागे गेलेल्यांनी 22 ऑक्टोबरची वाट बघत शेतातली पिकं तशीच सोडली होती. दिवस आणि घटका पुत्रालाही ठाऊक नाही असं मत्तय 24:36 म्हणतं, पण यूट्यूबवर सगळ्यांना ठाऊक असते 🙂

हिशेबनीस_पुणे

दोन्ही बाजूंचं वचनं काढणं चालू राहू दे, मी फक्त थैलीबद्दल बोलते. कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. बरेच ट्रस्टचे हिशेब बघते मी, त्यात मंडळ्या पण आहेत, आणि अनुभव असा की पैसे खाणारा खजिनदार क्वचित भेटतो, पैसे न खाता बदनाम झालेला मात्र वारंवार भेटतो. दोन वर्षांनी कमिटी बदलते, नवीन माणूस वही मागतो, वहीत तीन महिने कोरे, आणि मग लग्नात, मयतीत लोक कुजबुजायला लागतात आणि त्या घराचं चर्चला येणं बंद होतं. ताई, "देव बघतो" हे तुमच्या मिस्टरांना तेव्हा उपयोगी पडणार नाही, कारण देव कमिटीच्या मीटिंगला साक्ष द्यायला येत नाही.

वचनच पाहिजे असेल तर 2 करिंथ 8, 18 ते 21. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला पैसा न्यायचा होता, पौल एकटा नेत नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ देतो, आणि कारण सांगतो की या देणगीच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूच्याच नाही तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते आम्ही बघतो. पौल! ज्यानं त्या लोकांना सुवार्ता सांगितली तो माणूस एकटा पैशाला हात लावत नाही. आणि बारा शिष्यांत पैशाची डबी कोणाकडे होती आणि तो त्यातले पैसे कसे चोरायचा ते योहान 12:6 मध्ये आहेच, मी नाव घेत नाही.

आता काय करायचं ते. अर्पण चर्चमध्येच, उपासना संपल्या संपल्या, दोघांनी मोजायचं, दोघं एका घरातले नकोत. तिथेच कागदावर नोटांचा तपशील, 500 च्या किती, 100 च्या किती, खाली दोन सह्या. सोमवारी सगळी रक्कम बँकेत, त्यातून खर्च भागवायचा नाही. हा मुद्दा सगळे मोडतात, "पाळकांना पेट्रोलचे दिले आणि उरलेले भरले", नाही, आधी पूर्ण भरायचे मग चेकनं किंवा व्हाउचरवर काढायचे. दुरुस्ती निधी, मिशन निधी, गरीब निधी यांची खाती वहीत वेगळी, ज्या कामाला दिलंय त्याच कामाला. आणि महिन्याचा आकडा नोटीस बोर्डावर. बस.

मंडळी स्वतंत्र पब्लिक ट्रस्ट म्हणून रजिस्टर असेल तर महाराष्ट्रात 1950 च्या कायद्याखाली दरवर्षी हिशेबाचं ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात द्यावं लागतं. तिथे पलंगावरची वही चालत नाही.

पत्र्याचं काय ते इंजिनियर सांगेल पण गळक्या पत्र्याखाली वायरिंग असतं हे विसरू नका.

वसईचा_कुपारी

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे दशांशाचा, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग चर्चला देण्याचा, तेवढा विषय नसतो, तरी लिहितो. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारी, जागे राहा, तयार राहा हे वाचन आमच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, दरवर्षी येतं. लहानपणी मला वाटायचं ते नाताळच्या खरेदीबद्दल आहे 😄

आमच्या गावात कारभार हा शब्द पैशापेक्षा जमिनीला लागतो. वाडी, विहीर, बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं पावसाचं पाणी साठवायचं तळं, जुन्या लोकांनी खणलेलं, त्यावर केळी, फुलं, भाजी सगळं चालायचं. किती बुजवली गेली आणि वर बिल्डिंगी आल्या. फादर दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ केली तेव्हा आमच्यातलेच काही म्हणत होते, धर्मगुरूनं पाण्याच्या नि टँकरच्या भानगडीत कशाला पडायचं, मिस्सा करावी. आता विहिरीला खारं पाणी लागलं की तेच आठवण काढतात. माझं म्हणणं एवढंच, जे हातात दिलंय ते पुढच्याला देण्याच्या लायकीचं ठेवायचं. प्रभू उद्या आला तर त्याच्या हातात, नाही आला तर पोरांच्या. दोन्हीकडे तेच काम करावं लागतं ना?

आणि ताई, टर्म इन्शुरन्स आधी भरा हो. लॅप्स झाल्यावर परत चालू करायला मेडिकल वगैरे मागू शकतात.

अग्नी_आणि_आत्मा

कुर्बानचं वचन बरोबर आहे, ते मी मानतो. आईचे पैसे द्यायला माझा पण पाठिंबा नाही. पण तरी सांगतो, ताई, नुसते मुद्दे जिंकू नका. त्या भावाला खरंच प्रभूची ओढ लागलीये, ती नंतर कुठे लावायची हे पण कोणीतरी सांगा. नाहीतर एफडी वाचेल आणि माणूस गार होईल. त्यांना तुरुंगसेवेला न्या, हॉस्पिटल भेटीला न्या, मत्तय 25 चा शेवटचा भाग तोच आहे, भुकेल्याला, आजाऱ्याला, कैद्याला. व्हिडिओ बघून तयारी होत नाही एवढं मी मास्तरांच्या बाजूने बोलतो.

मिझो_शेजारी

मी मराठीच, नोकरीमुळे काही वर्षं आयझॉलला होते म्हणून सांगते. तिकडे घरोघरी बायका स्वयंपाकाला तांदूळ काढताना मूठभर बाजूला ठेवतात आणि तो चर्चला जातो, 1910 पासून चालू आहे. कोणाच्या आईचं ऑपरेशन थांबत नाही आणि मिशनचं काम पण चालतं. एकदम एफडी मोडण्यापेक्षा रोजचं असं काही सुरू करता येईल का बघा, त्यात घरातले सगळे येतात.

नगरकडची_सून

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काल रात्री आम्ही मत्तय 25 आणि लूक 12 दोन्ही वाचले, सासूबाई पण बसल्या. "दहाही झोपल्या" हे त्यांनी दोनदा वाचलं, मग बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पण तेल म्हणजे पवित्र आत्मा, पैसे नव्हे. मी म्हटलं असेल, पण उशीर धरून चालणाऱ्या शहाण्या ठरल्या हे तर खरं ना. त्यावर सासूबाई म्हणाल्या, माझं ऑपरेशन करून घे बाबा, प्रभू आला तर मला चालत सामोरं जाता येईल. सगळे हसलो.

एफडी नाही मोडायची ठरलं. इन्शुरन्सवर अजून अडून बसलेत, म्हणतात तो अविश्वास आहे. फी मी माझ्या शिकवण्यांच्या पैशातून भरली. तुरुंगसेवेचं त्यांना आवडलं, येरवड्याला आमच्या ओळखीचे एकजण जातात त्यांना फोन केला.

हिशेबनीस ताई, मोजणीचं मान्य केलं त्यांनी, पण म्हणतात मंडळी छोटी आहे, उपासनेनंतर थांबायला दुसरं कोणी तयार नसतं, मग दुसरी सही मी केली तर? आणि मागचे जे महिने वहीत कोरे आहेत त्यांचं काय करायचं, अंदाजानं भरू का?

हिशेबनीस_पुणे

तुमची सही नको, नवरा बायको म्हणजे हिशेबात एकच माणूस. तरुण संघातली दोन तीन मुलं मुली आलटून पालटून लावा, कॉलेजची मुलं चालतील, त्यांना शिकायला पण मिळतं, वडील लोकांपेक्षा ती वेळेवर थांबतात.

अंदाजानं अजिबात भरू नका! बँकेचं स्टेटमेंट काढा, त्या महिन्यांत जेवढे भरले गेले ते आकडे स्टेटमेंटवरून लिहा, बाजूला "बँकेवरून घेतले" अशी नोंद करा. रोखीनं झालेल्या खर्चाच्या पावत्या दुकानदारांकडून, पाळकांकडून जमतील तेवढ्या गोळा करा. जे जुळत नाही ते जुळत नाही म्हणूनच लिहा आणि पुढच्या कमिटीत मिस्टरांनी स्वतःहून, कोणी विचारायच्या आधी, मांडा. कार्यवृत्तात नोंद करून घ्या. आणि पत्र्याचं कोटेशन तीन ठिकाणांहून मागवा, पावसाच्या आधी, मे महिन्यात माणसं मिळत नाहीत.